पैठणचे नाथ आणि लहान गावाचे सुख

शिकलासवरलेला मुलगा गावातच राहिला की त्याचे काहीतरी बिनसले, असे समजण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. पुण्या-मुंबईला गेला तो मार्गी लागला आणि बिडकीनला राहिला तो मागे राहिला, असा आपला साधा हिशेब असतो. ह्या हिशेबात कोठेतरी चूक आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते; पण ती नेमकी कोठे आहे हे संत एकनाथांचे चरित्र वाचताना प्रथम ध्यानात आले. नाथांचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. फाल्गुन महिन्यात षष्ठीच्या दिंड्या पैठणच्या रस्त्याने टाळ वाजवीत जातात, त्या आपण पाहतो. परंतु हा एवढा मोठा माणूस आपल्याच तालुक्याच्या गावी जन्मला, बाहेरचे जग पाहून पुन्हा त्याच गावी परतला आणि तेथेच त्याने संसार थाटला, ह्या गोष्टीचा विचार आपण सहसा करीत नाही. त्या अंगाने त्यांचे चरित्र सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे झाला. घराणे मोठे. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वडिलांचे नाव सूर्यनारायण व आईचे रुक्मिणी. दोघेही नाथांच्या अगदी लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी व आजी ह्यांनी त्या पोरक्या मुलाला वाढविले.

पैठण म्हणजे एके काळची सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पण नाथांच्या जन्माच्या वेळी ते राजवैभव संपून हजारावर वर्षे लोटली होती. उरले होते ते गोदावरीच्या काठचे क्षेत्राचे गाव. घाट, देवळे, विणकरांचे माग, वेदशास्त्र सांगणारी ब्रह्मवृंदाची सभा आणि तिच्या शब्दाला बिचकून असलेले लोक, असे त्याचे स्वरूप होते. राज्य अहमदनगरच्या निजामशाहीचे होते. आपण ज्या शहराच्या बसची वाट पाहत रोज उभे राहतो ते शहर तर तेव्हा वसलेलेही नव्हते. मलिक अंबराने खडकी वसविली ती १६१० मध्ये, म्हणजे नाथांच्या निर्वाणानंतर अकरा वर्षांनी. ह्या मुलखात मोठे ठिकाण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असे एकच होते, ते म्हणजे देवगिरी, अर्थात दौलताबाद.

बारा वर्षांच्या एकनाथाने घर सोडले ते ह्या देवगिरीसाठी. किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त होते. त्यांनाच गुरू करावयाचे असा ध्यास घेऊन हा मुलगा आजी-आजोबांना न सांगता आपल्याच मुलखातून उत्तरेकडे चालत गेला. तेथे सुमारे सहा वर्षे त्याने गुरुसेवा केली. ही सेवा नुसती पूजेची फुले आणण्याची नव्हती. किल्ल्याच्या हिशेबाचे काम स्वामींनी त्याच्यावर सोपविले होते. एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना, म्हणून तो रात्रभर दिवा लावून बसला आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठला, ही गोष्ट आपण शाळेतच वाचलेली आहे. ती आपण एकाग्रतेचे उदाहरण म्हणून वाचतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाथांना दप्तर कळत होते, सरकारी कागद कसा लिहितात हे कळत होते, किल्ल्यावरचा शिपाई आणि कारकून त्यांच्या ओळखीचे होते. पुढे त्यांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी, अभयपत्र अशा नावांची पदे रचली, त्यांचे मूळ ह्या कचेरीतल्या दिवसांत आहे. जीव हा रयत, देह हे गाव आणि कामक्रोध हे गावाला नाडणारे अंमलदार, अशी ती रचना असते. सरकारच्या कागदाने गांजलेल्या माणसाला परमार्थ सांगावयाचा तर तो त्याच कागदाच्या भाषेत सांगावा, ही युक्ती दप्तरात बसलेल्या माणसालाच सुचावी.

देवगिरीहून गुरूंबरोबर आणि नंतर एकट्याने नाथांनी तीर्थयात्रा केल्या. ह्याच प्रवासात गुरूंच्या आज्ञेने त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. देश पाहिला, विद्या मिळविली, गुरूंचा अनुग्रह लाभला. अशा तरुणापुढे दोन वाटा होत्या. मठ स्थापून स्वामी व्हावे ही एक, आणि देवगिरीच्या दरबारी मानाची जागा पाहावी ही दुसरी. नाथांनी दोन्ही सोडल्या. परंपरा अशी सांगते की ते पैठणच्या वेशीपाशी आले तेव्हा वाट पाहून थकलेल्या आजोबांनी जनार्दनस्वामींचे पत्र त्यांच्या हाती दिले. लग्न करावे आणि पैठणलाच राहावे, अशी त्यात आज्ञा होती. नाथ जेथे उभे होते तेथेच थांबले. पुढे गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि ज्या गावातून एक मुलगा पळून गेला होता त्याच गावात एक गृहस्थ नांदू लागला.

येथून पुढची कथा ही खऱ्या अर्थाने गावातल्या राहण्याची कथा आहे. महिपतींनी अठराव्या शतकात नाथांचे चरित्र विस्ताराने लिहिले. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. पण चमत्कार बाजूला ठेवले तरी एका घराचा दिनक्रम स्पष्ट दिसतो. पहाटे उठून गोदावरीवर स्नान, मग पूजा आणि ग्रंथवाचन, दुपारी आल्यागेल्यासह पंगत, त्यानंतर पुराण आणि रात्री कीर्तन. उद्धव नावाचा सेवक घरचाच होऊन राहिलेला. दार कोणालाही बंद नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री भिजून कुडकुडत पाहुणे आले, घरात वाळलेले लाकूड नव्हते, तेव्हा नाथांनी आपला पलंग मोडून चुलीत घातला असे सांगतात. चोर शिरले तर त्यांना जेवू घालून बोटातली अंगठीही काढून दिली, अशीही कथा आहे. श्रीखंड्या नावाच्या पाणक्याच्या रूपाने प्रत्यक्ष श्रीकृष्णाने बारा वर्षे ह्या घरी पाणी भरले, ही कथा तर सर्वांच्या तोंडी आहे. ती खरी की खोटी हा वाद मी घालीत नाही. पण कावडीने पाणी वाहणाऱ्या साध्या गड्याच्या ठिकाणी देव असू शकतो असे ज्या गावाला वाटले, त्या गावाने नाथांच्या घरी गड्यामाणसांना कसे वागविताना पाहिले असेल, ह्याची साक्ष ह्या कथेत नक्कीच आहे.

लहान गावाचे पहिले सुख म्हणजे ओळख. मोठ्या शहरात शेजारचा माणूस पाच वर्षे नुसता दाराच्या क्रमांकाने माहीत असतो. गावात माणूस नावाने, आवाजाने, चालण्याच्या ढबीने ओळखू येतो. नाथांनी ह्या सुखाचे काय केले हे पाहावयाचे असेल तर त्यांची भारुडे पाहावीत. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, संबळ वाजविणारा गोंधळी, परडी घेऊन जोगवा मागणारी बाई, दोरावर खेळ करणारी कोल्हाटीण, झोळी घेतलेला फकीर, रस्त्याच्या कडेला बसलेले आंधळे, पांगळे, बहिरे, मुके, अशी सगळी मंडळी तेथे आहेत. विंचू चावल्यावर कळवळणारा माणूस आहे आणि सासरच्या जाचाला कंटाळून देवीला रोडग्याचा नवस बोलणारी सूनही आहे. ही माणसे नाथांना पोथीत सापडली नाहीत. ती त्यांच्या दारावरून रोज जात होती. नाथांनी त्यांना ऐकले, त्यांच्या बोलण्याचा ठेका उचलला आणि त्यांच्याच तोंडून वेदान्त वदविला. विंचू म्हणजे कामक्रोधाचा विंचू आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा, हे कळण्यासाठी श्रोत्याला संस्कृत यावे लागत नाही. विंचवाची भीती तेवढी ठाऊक असावी लागते. अशी सुमारे तीनशे भारुडे नाथांच्या नावावर आहेत. मराठवाड्यातल्या गावोगाव ती आजही सोंगांसह उभी राहतात आणि लोक हसता हसता गंभीर होतात.

ह्यांतच हिंदू-तुर्क संवाद आहे. दोघे एकमेकांच्या देवाधर्मातली उणी काढीत कडाडून भांडतात आणि शेवटी देव एकच हे ओळखून परस्परांना आलिंगन देतात. निजामशाही मुलखातल्या गावात, जेथे मशीद आणि देऊळ एकाच पेठेत होते, तेथे हे लिहिणे ही पुस्तकी उदारता नव्हती. उद्या सकाळी ज्याचे तोंड पाहावयाचे आहे त्याच्याशी आज कसे भांडावे आणि भांडण कोठे संपवावे, हा तो व्यवहार होता.

पण ओळखीला दुसरी बाजू असते आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाला चांगली ठाऊक आहे. गावात जसे सुखदुःखाला माणूस धावून येतो, तसेच कोण कोणाकडे गेला, काय जेवला, कोणाशी बोलला ह्याचा हिशेबही ठेवला जातो. नाथांना ह्या बाजूचा त्रास काही थोडा झाला नाही. स्नान करून परतताना एक यवन त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ पुन्हा नदीवर गेले, तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा झाले आणि अखेर थुंकणाराच शरमला, अशी कथा आहे. गावातल्या टवाळांनी तर पैज लावली. नाथांना राग आणून दाखवील त्याला दोनशे रुपये द्यावयाचे ठरले. पैसे हवे असलेला एक ब्राह्मण सरळ घरात शिरून पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याचे स्वागतच केले. मग जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढावयास वाकल्या तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढला. पाहुणा पडणार नाही एवढे पाहा, असे नाथांनी त्यांना सांगितले. त्यावर मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय असल्याचे त्यांनी हसून उत्तर दिले. ह्या प्रसंगात नाथांची शांती सर्वांना दिसते, परंतु खरी कसोटी त्या माउलीची होती असे मला वाटते. नाथांच्या संसाराचा अर्धा भार गिरिजाबाईंनी वाहिला, हे चरित्र सांगताना आपण विसरू नये.

सर्वांत कठीण प्रसंग श्राद्धाचा. पितरांसाठी स्वयंपाक सिद्ध झाला होता, ब्राह्मण यावयाचे होते. त्याच वेळी वाड्यावरून जाणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला त्या अन्नाचा वास आला आणि त्यांच्या मुलांनी हट्ट धरला. नाथांनी त्यांना बोलावून ते सर्व अन्न पोटभर वाढले आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक करविला. ब्राह्मण आले नाहीत. नाथांच्या घरावर बहिष्कार पडला. पितर स्वतः येऊन जेवले असे परंपरा सांगते. गोदावरीच्या तापल्या वाळूत चुकलेले महाराचे पोर कडेवर घेऊन ते महारवाड्यात पोहोचविले, महाराच्या घरी जाऊन जेवले, अशाही कथा आहेत. प्रत्येक वेळी सभा बसली आणि प्रायश्चित्ताची मागणी झाली.

येथे मी थोडे थांबतो, कारण लहान गावाच्या सुखाबद्दल बोलताना एक गोष्ट लपविता कामा नये. ते सुख सर्वांच्या वाट्याला नव्हते. ज्याला वेशीच्या आत घर नव्हते, नदीच्या घाटावर जागा नव्हती, त्याच्या दृष्टीने सगळे एकमेकांना ओळखतात म्हणजे सगळे त्याची जात ओळखतात, एवढाच अर्थ होता. गावात राहण्याचा आनंद खरा असेल तर तो गावकुसाशी अडता कामा नये, हे नाथांना कळले. त्यांनी ते ग्रंथात लिहून ठेवले नाही असे नाही. पण त्याआधी ते पायांनी चालून दाखविले. जातीची उतरंड त्यांच्याने मोडली नाही. ती मोडण्याचे काम पुढे फार वर्षांनी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी हाती घेतले, आणि ते अजून पुरे झालेले नाही. तरीही सोळाव्या शतकात, धर्मसभेच्या डोळ्यांदेखत, एका ब्राह्मण गृहस्थाने जेवणाच्या पंगतीची मर्यादा ओलांडली, ही लहान गोष्ट नव्हे. आणि विशेष हे की सभेने सांगितलेल्या प्रायश्चित्तासाठी ते भांडण न करता नदीवर गेले, गाव सोडून गेले नाहीत आणि आपले वागणेही सोडले नाही.

गाव सोडण्याची संधी आली नव्हती असे नाही. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय त्यांनी पैठणला लिहिले. देवभाषेतले ज्ञान मराठीत आणल्याचा आक्षेप काशीच्या पंडितांनी घेतला आणि नाथांना काशीला जावे लागले. उरलेला ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला आणि शके १४९५, म्हणजे १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला तो पूर्ण केला. एकतीस अध्याय आणि सुमारे अठरा हजार आठशे ओव्या असा हा ग्रंथ आहे. त्याआधी दोन वर्षे काशीतच त्यांचे 'रुक्मिणी स्वयंवर' लिहून झाले होते. विरोध करणाऱ्या पंडितांनीच शेवटी ग्रंथाची मिरवणूक काढली असे सांगतात. तेव्हा नाथ चाळिशीचे होते. काशी म्हणजे त्या काळच्या विद्वानांची राजधानी. तेथे मान्यता मिळालेल्या पंडिताने परत पैठणला येऊन पुन्हा त्याच टवाळांच्या आणि त्याच सभेच्या गावात राहावे, ह्याचे आजच्या आपल्या हिशेबाने उत्तर मिळत नाही. पण ज्यांच्यासाठी मराठीत लिहिले ती माणसे काशीला नव्हती, पैठणला होती. उत्तर एवढे साधे असावे.

घरातूनही विरोध झाला. मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे हे त्याला रुचेना. तो रुसून काशीला निघून गेला. नाथ त्याला आणावयास गेले, तेव्हा ह्या दोन्ही गोष्टी सोडण्याची अट त्याने घातली आणि नाथांनी ती मान्य केली. पुराण मुलगा सांगू लागला आणि श्रोते ओसरले. मग एका गरीब बाईने सहस्र ब्राह्मणभोजनाचा संकल्प फेडण्यासाठी एकट्या नाथांना जेवावयास बोलाविले. नाथ जेवले, आणि त्यांची पत्रावळ उचलताना हरिपंडिताच्या हाती एकाखाली एक अशा हजार पत्रावळी आल्या, अशी ती कथा आहे. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी शिकलेला मुलगा आणि गावात रमलेला बाप ह्यांच्यातला हा दुरावा आपल्या घरांना परका नाही. नाथांनी मुलाशी वाद घातला नाही. त्याची समजूत पटेपर्यंत वाट पाहिली. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर पुढे मराठीतला थोर कवी झाला, म्हणजे आजोबांची भाषा घरातच टिकली.

वयाच्या पन्नाशीत नाथांनी आणखी एक मोठे काम केले. ज्ञानेश्वरी लिहून तोपर्यंत सुमारे तीनशे वर्षे झाली होती. हाताने नकला करता करता तिच्यात पुष्कळ अपपाठ शिरले होते. आळंदीला जाऊन ज्ञानदेवांच्या समाधीचे दर्शन घेतल्यावर नाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे समर्थ कवी असताना त्यांनी आपली एकही ओवी तिच्यात घातली नाही आणि पुढच्यांनीही घालू नये अशी ताकीद दिली. देवगिरीला एका पैसाठी रात्र जागविणारा तोच मुलगा येथे पुन्हा भेटतो. मराठीच्या अभ्यासकांनी, आणि विशेषतः परीक्षेपुरत्या टिपणांवर भागविणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी, हे काम नीट पाहण्यासारखे आहे.

अखेरच्या काळात नाथ 'भावार्थ रामायण' लिहीत होते. युद्धकांड चालू असताना ते थांबले. पुढचा भाग गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, लोकांनी वेडगळ ठरविलेला मुलगा. गावाने ज्याला टाकाऊ म्हटले त्याच्या हाती नाथांनी आपले अपुरे काम दिले. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीच्या काठी नाथांनी देह ठेवला. ज्या नदीवर ते रोज स्नानाला जात तीच त्यांची शेवटची जागा झाली.

आज नाथवाड्यात श्रीखंड्याचा रांजण दाखवितात आणि षष्ठीच्या उत्सवात भाविक तो पाण्याने भरतात. १९६५ ते १९७६ ह्या काळात पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयाला नाथसागर हेच नाव पडले. पाण्याची कावड वाहण्याची कथा ज्यांच्या घरात घडली त्यांचे नाव मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या जलाशयाला मिळाले, हा योग मला फार आवडतो.

आपल्या बिडकीनचे रूपही झपाट्याने पालटते आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठी शिवार मोजले गेले, रुंद रस्ते झाले. उद्या बाहेरगावची माणसे येथे राहावयास येतील आणि आपल्यातले पुष्कळ जण बाहेर जातील. जाण्यात वाईट काहीच नाही. नाथ स्वतः देवगिरीला गेले, काशीला गेले, रामेश्वरापर्यंत फिरले. शिकावयाचे तर बाहेर पडलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की राहणाऱ्याने खाली मान घालून का राहावे? गावात राहण्याचे सुख म्हणजे ताजी भाजी आणि मोकळी हवा एवढेच नव्हे. आपण केलेल्या बऱ्यावाईटाचे तोंड रोज समोर दिसते आणि त्यामुळे चांगले वागण्याला रोज संधी मिळते, हे ते सुख आहे. ते आयते मिळत नाही. पलंग मोडावा लागतो, थुंकी सोसावी लागते आणि ज्या घरांत आपण आजवर गेलो नाही त्या घरांत जेवावयास जावे लागते.

मित्रहो, पैठण आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. परीक्षा आटोपल्या की नाथवाडा पाहून यावा, गोदावरीच्या घाटावर थोडे बसावे आणि येताना आपापल्या गल्लीतील किती घरांचे उंबरठे आपण अजून ओलांडलेले नाहीत ते मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.